कंपाउंडमधल्या जुन्या गाडीविषयी : मुंबईतल्या सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र

मुंबई आणि उपनगरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची असते, त्यामुळे विषयपत्रिकेचा कच्चा मसुदा सध्या तुमच्या टेबलावर असणार. लिफ्टचं देखभाल कंत्राट, गच्चीची गळती, थकबाकीदारांची यादी आणि सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. चहा-समोसे आले की याच शेवटच्या कलमाखाली कोणीतरी उठतं आणि कोपऱ्यातल्या जुन्या गाडीचा विषय काढतं. चार माना डोलतात, ठराव होतो, आणि पुढच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागतो. मजकूर सगळीकडे साधारण सारखाच : आवारातल्या जुन्या, नादुरुस्त गाड्या पंधरा दिवसांत हटवाव्यात. आवारात गाड्यांची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.

यातलं पहिलं वाक्य मला बरंचसं पटतं. दुसरं अजिबात नाही. आणि दोन्ही एकाच कागदावर वाचली की हसू येतं, कारण दुरुस्तीही करायची नाही आणि नादुरुस्तही राहायचं नाही, हे गाडीला जमायचं कसं?

मी मुलुंडला राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे आणि वडिलांची प्रीमियर पद्मिनी चालू ठेवते. रविवारी सकाळी जुना पंजाबी ड्रेस घालून मी गाडीखाली असते तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून न चुकता विचारतात, "अगं, मिस्त्रीला का नाही बोलावत?" काकूंच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून पत्रही लांबलं आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते. जुन्या गाड्यांचा शौक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर विंटेज रॅलीतली रोल्स रॉइस आणि तिच्याशेजारी फेटा बांधून उभा असलेला मालक येतो. त्यांच्याकडे गॅरेज असतं, ड्रायव्हर असतो, पॉलिश करायला माणूस असतो. त्यांना तुमच्या नोटिशीचं काही वाटण्याचं कारण नाही. आमच्याकडे पद्मिनी, अँबेसेडर, पहिल्या पिढीतली मारुती ८००, एखादी जीप, क्वचित एखादी जुनी, गोलमटोल 'डुक्कर' फियाट. मालक म्हणजे निवृत्त शिक्षक, रेल्वेतले, बेस्टमधले, इन्शुरन्समधले, आणि अलीकडे बरीच पंचविशी-तिशीतली मुलंमुली, ज्यांच्या आजोबांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून गाडी घेतली होती. दादरच्या पारशी कॉलनीत आणि शहरातल्या 'बागां'मध्ये, म्हणजे पारशी वसाहतींमध्ये, ही परंपरा जुनीच आहे. 'पारशी मालकाची गाडी' एवढे शब्द जाहिरातीत असले की मुंबईत जुन्या गाडीचा भाव चढतो, तो उगाच नाही. गाडी पुसायची, तिचं बोनेट उघडून आत बघायचं, आवाज बदलला की कान टवकारायचे, ही सवय त्या भावात मोजलेली असते.

आता काकूंचा प्रश्न.

पद्मिनी ही कुर्ल्याची. लालबहादूर शास्त्री मार्गालगत प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. तिथे फ्लॅट घेतलेल्यांपैकी किती जणांना खाली काय होतं हे माहीत असेल, कोण जाणे. त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स सुटे विकायला ठेवलेले असतात, आणि आमचा अर्धा शौक त्या रस्त्यावर पोसला जातो.

मात्र या गाडीला इतकी वर्षं तगवलं ते टॅक्सीने. काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तोवर तिचा मेकॅनिक नाक्यानाक्यावर होता. कार्ब्युरेटर सुटा करून अर्ध्या तासात परत बसवणारा पोरगाही मिळायचा, आणि ब्रेकचा किट ऑपेरा हाऊसला नुसता नाव घेतल्यावर काउंटरवर यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. टॅक्सीबरोबर तिचा मिस्त्रीही गेला, हे मात्र कुणी लिहिलं नाही. कोणी गावी परतला, कोणी रिक्षांकडे वळला, कोणाचं गॅरेज रस्ता रुंदीकरणात गेलं. आमचे मिस्त्री आता जौनपूरला नातवंडं सांभाळतात आणि फोनवर आवाज ऐकून सांगतात, "मॅडम, टॅपेट ढीला है." बाकीचं आपल्यालाच करावं लागतं.

कंपनीच्या चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन पाहिलं तर तिथला मुलगा डॅशबोर्डखाली हात घालून स्कॅनर लावायचं भोक शोधतो. ते या गाडीत नाही. तो हसत सॉरी म्हणतो आणि गाडी परत पाठवतो. त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून, काकू, मिस्त्रीला बोलावत नाही.

आम्ही रविवारी नेमकं काय करतो याबद्दल समित्यांचे फार गैरसमज आहेत. एका सचिवांनी मला विचारलं होतं की तुम्ही इंजिन खाली उतरवता का. इंजिन उतरवायला साखळी-पुली लागते, दोन माणसं लागतात, आणि ते काम गॅरेजातच व्हायला हवं. कंपाउंडमध्ये होतं ते असं : प्लग काढून काजळी साफ करायची, डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडून पॉइंट घासायचे आणि फिलर गेज घालून त्यांची फट लावायची, जी अर्धा मिलिमीटरही नसते. टॅपेट सेट करायचे. ऑइल बदलायचं. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस गन मारायची. ब्रेक ओढतात का, व्हील सिलिंडर गळतो का ते पाहायचं. वायरिंगची टेप सुटली असेल तर नवी गुंडाळायची. फ्लोअरच्या पत्र्याला खालून गंज धरला असेल तर तारेच्या ब्रशने घासून प्रायमरचा हात द्यायचा. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार महिने रस्त्यावर साचणारं पाणी यांत हा पत्रा आतून कधी जाळीदार होतो ते कळतही नाही. दरवाजाखालचा भाग बोटाने दाबला आणि बोट आत गेलं की पाच आकडी खर्च उभा राहतो. मोठ्या खर्चाची बहुतेक कामं ही रविवारची दोन तासांची कामं न केल्यामुळे निघतात.

आणि अलीकडे एक काम वाढलं आहे, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या गाड्या ज्या काळात आखल्या गेल्या तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, फुगतात, मग चिरा जातात. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधली वायसरंही लवकर जातात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी जमतं आणि टाकी आतून गंजते. यावर उपाय आहे : इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, चांगले क्लिप, टाकी आणि पंपाच्या मध्ये एक फिल्टर, आणि गाडी नियमित चालवणं. खर्च काही शेकड्यांचा, काम एका सकाळचं. ते केलं नाही तर चिरलेल्या नळीतून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकतं. समिती आम्हाला हे काम करू देत नसेल तर ती सुरक्षिततेच्या नावाखाली आवारात आगीचा धोका जपून ठेवते आहे. हे जरा कडक वाटेल, पण दुसरा मवाळ शब्द मला सापडत नाही.

कायद्याचंही बोलू, कारण सभेत हमखास कोणीतरी म्हणतं, "पंधरा वर्षांवरच्या गाड्यांवर बंदी आहे." ती दिल्लीत. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी दहा हजार. विलायती गाडी असेल तर ऐंशी हजार. आमच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागते, तुमच्या नव्या गाडीला वर्षातून एकदा. भारत स्टेज दोन या धुराच्या सरकारी निकषांच्या आधीच्या पेट्रोल कारला धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि कार्ब्युरेटर नीट लावलेला नसेल तर ती सहज ओलांडते. म्हणजे सरकार दहा हजार रुपये घेऊन सांगतं की गाडी तंदुरुस्त ठेवा, आणि सोसायटी सांगते की पान्ह्याला हात लावू नका.

धुराच्या बाबतीत खोटं बोलण्यात अर्थ नाही. पद्मिनीला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. एका किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण ओकते. ती रोज ऑफिसला नेण्याची गाडी नाही असं माझंही मत आहे, आणि आमच्यातले बहुतेक जण तशी नेतही नाहीत. रविवारी पवईपर्यंत, दिवाळीत बहिणीकडे, कधी लोणावळा. एवढ्यासाठी तिला मरू द्यावं असं मला वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर आपण सभेत भांडू.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे विंटेज नियम आणले. नवी नोंदणी वीस हजार रुपयांना, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत. पण त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. ज्यांना बहिणीकडे जायचं आहे ते साध्या नोंदणीवरच राहतात.

हे 'मूळचं' प्रकरण आमच्यातही वादाचं आहे. काही जण एक स्क्रूही बदलू देत नाहीत. मी त्यांतली नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले म्हणजे डॅशबोर्डवरचं बटण तापत नाही, पुढे सीटबेल्ट, रेडियल टायर, मागे तिसरा ब्रेक लाइट, ड्रायव्हरच्या सीटखाली अग्निशामक. हे बदल गाडी जास्त सुरक्षित करतात आणि तिचा चेहरा बदलत नाहीत. याच्या पुढे गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. दुसरं इंजिन टाकायचं, सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिकचं मान्यताप्राप्त किट बसवायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवीच. आणि जे सायलेन्सर कापून रात्री अकराला बिल्डिंग हादरवतात, निळे दिवे लावतात, त्यांना कृपया आमच्यात मोजू नका. त्यांना नोटीस द्याच.

आता तुमच्या तक्रारी. त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत आणि आमच्या लोकांनी त्या ओढवून घेतल्या आहेत.

तेलाचे डाग ही पहिली. पेव्हर ब्लॉकवर सांडलेलं ऑइल निघत नाही, आणि पावसात त्यावरून म्हातारी माणसं घसरतात. जुनं ऑइल गटारात ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि आपल्या पावसाळी गटारांतलं पाणी प्रक्रिया न होता नाल्यांतून खाडीला जातं. कूलंट त्याहून वाईट. तो गोड असतो आणि विषारी. मांजर किंवा कुत्रं चाटलं तर मरतं. कंपाउंडमधली मांजरं सगळ्यांची असतात. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुंकर मारून उडवायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची असते.

दुसरी तक्रार तळमजल्यावरच्यांची. सकाळी चोक ओढून दहा मिनिटं गाडी जागेवर घरघरवायची आणि सगळा धूर त्यांच्या स्वयंपाकघरात पाठवायचा, ही रीत बंद व्हायला हवी. त्याने बॅटरीही धड चार्ज होत नाही आणि इंजिनात ओल साठते. गाडी सुरू झाली की गेटबाहेर काढा आणि वीस मिनिटं चालवून आणा.

तिसरी जॅकची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणाऱ्या माणसाला समितीने बाहेर ओढून काढावं, मग तो कितीही जाणकार असो. दोन घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, चाकांना ओंडके, मग खाली. आजूबाजूला मुलं सायकल फिरवत असतील तर काम थांबवायचं. आणि स्टिल्टमध्ये, मीटर रूमच्या बाजूला, बेसमेंटमध्ये पेट्रोलच्या नळीला हात लावायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंदिस्त जागेत जमिनीलगत साचते आणि कुठल्याही ठिणगीची वाट पाहते. उघड्या आवारात ती निघून जाते. तेव्हा दुरुस्तीला जागा उघड्यावरचीच द्या, 'दिसायला बरं नाही' म्हणून आम्हाला खाली बेसमेंटमध्ये ढकलू नका.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी : गाडी हलतच नाही. टायर बसलेले, काचेवर बोटाने लिहिलेली नावं, कव्हरखाली मांजरीची पिल्लं. इथे मी तुमच्या बाजूने आहे. पार्किंगची मारामारी असलेल्या सोसायटीत जागा अडवून ठेवायचा कोणालाही हक्क नाही, आणि 'पुढच्या वर्षी करतो' म्हणणाऱ्याची गाडी पुढच्या वर्षीही तशीच असते. पण अशी गाडी का अडकते ते पाहिलंत का? मी ज्या ज्या गाड्यांची चौकशी केली त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट निघाली. मालक वारले, आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. कायद्याप्रमाणे वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायला अर्ज करायचा असतो. दुःखात हे राहून जातं. मग विमा निघत नाही, विमा नाही म्हणून रस्त्यावर काढता येत नाही, विकताही येत नाही, आणि भावाबहिणींत कोणी सही द्यायला तयार नसतं. गाडी जागेवर कुजते. वडिलांच्या गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर करताना मला कळलं की इंजिन सुरू करणं त्या मानाने सोपं होतं.

अशा सभासदाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन काहीही होत नाही. तो कव्हर बदलतो आणि गप्प बसतो. सभासदाच्या नावावरची गाडी समितीला परस्पर भंगारवाल्याला देता येत नाही, हे त्यालाही माहीत असतं. त्याला सहा महिन्यांची लेखी मुदत द्या : आरसी नावावर करून घ्या, विमा आणि पीयूसी काढा, गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली पाहिजे. नाहीतर ती अशा कोणाला तरी विका ज्याला ती हवी आहे, किंवा अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या. शहरात ती घ्यायला तयार असलेले तरुण आहेत, त्यांना फक्त स्वच्छ कागद हवे असतात.

यापुढे चालू गाडी आणि पडीक गाडी यांतला फरक रंगावरून करू नका. पद्मिनीच्या बोनेटवरचा रंग उन्हाने उडालेला असेल, ती चालू असते. कागद मागा आणि गाडी महिन्यातून एकदा हलते का ते वॉचमनला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

नियम करणं अवघड नाही, कारण अलीकडेच तुम्ही ते केलेले आहेत. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा चार्जरची वायर कुठून न्यायची, मीटर कोणाचा, आग लागली तर काय, यावर किती सभा झाल्या! आता चार्जर आहेत आणि भांडणं निवळली आहेत. दुरुस्तीचंही तसंच लिहून टाका. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा ते एक, दुपारची झोप सोडून चार ते सहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा शांतता मागतात. आम्ही त्याहून बरंच जास्त द्यायला तयार आहोत. काम स्वतःच्याच जागेत, सायंकाळी सगळं उचललेलं, रात्रभर घोडीवर गाडी ठेवायची नाही. गाडीखाली पत्र्याचा ट्रे आणि गोणपाट. जुनं ऑइल डब्यात भरून, ते अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडेच पोचवायचं. बॅटरी दुकानदाराला परत. हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, टाकी उतरवणं, ग्राइंडर बाहेर. पेट्रोलचे कॅन घरात किंवा पॅसेजमध्ये नाहीत. दुसऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करायच्या नाहीत. तो धंदा झाला आणि सोसायटी ही राहण्याची जागा आहे. डाग पडला तर साफसफाईचा खर्च त्या सभासदाच्या बिलात. हे सगळं आम्ही सही करून देऊ.

उपविधींप्रमाणे पार्किंगची जागा पार्किंगसाठीच आहे, असं तुमचे सल्लागार म्हणतील. बरोबर आहे. पण त्याच जागेत आठवड्याला गाडी धुणारा येतो, पंक्चरवाला येऊन चाक काढतो, बॅटरी बंद पडली की कंपनीचा माणूस येऊन नवी बसवतो, आणि भली रुंद एसयूव्ही शेजारच्या रेषेवर चढून उभी असते. कोणाला नोटीस गेलेली मी पाहिली नाही. चार मीटरच्या आत मावणारी माझी पद्मिनी तिच्या चौकटीत ऐसपैस बसते. सर्वसाधारण सभेने ठरवलं तर मर्यादित वेळेसाठी मर्यादित कामाला परवानगी देता येते. ते ठरवायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना एक वेगळी विनंती. नव्या इमारतीत पार्किंग स्टॅकमध्ये किंवा यांत्रिक टॉवरमध्ये जाणार, तिथे बोनेट उघडायलाही जागा नसेल. आराखडा अजून वास्तुविशारदाच्या संगणकावर असेल तेव्हाच तळमजल्यावर, उघड्या जागेत, एक गाडीची सामायिक जागा मागून घ्या : थोडा उतार, तेल अडवणारा चेंबर, एक नळ, एक दिवा. गाड्या धुण्यासाठी ती तशीही लागणार आहेच. पाळीपाळीने आम्हीही वापरू. बांधकाम झाल्यावर अशी जागा कोणी देत नाही.

तरुण मुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या बिल्डिंगमधला बारावीचा एक मुलगा हल्ली पान्हे धरायला येतो. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल कशासाठी असतं ते त्याने पुस्तकात वाचलं होतं; एक मागचं चाक उचलून हाताने फिरवल्यावर त्याने पाच मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही, मग वर जाऊन मित्राला घेऊन आला. त्याच्या आईची तक्रार फक्त एवढीच की ग्रीसचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकतो. ती तक्रार समितीकडे येणार नाही असं तिने कबूल केलं आहे.

तेव्हा विनंती एवढी : या वर्षी हा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका. विषयपत्रिकेवर क्रमांक देऊन घ्या, म्हणजे सभासद वाचून येतील. ठरावाचा मसुदा हवा असेल तर असा घ्या : "ज्या सभासदाच्या वाहनाची नोंदणी, विमा व पीयूसी वैध आहे, त्यास आपल्या नेमून दिलेल्या उघड्या पार्किंगच्या जागेत, ठरवून दिलेल्या वेळेत व सोबतच्या अटींवर, स्वतःच्या वाहनाची किरकोळ देखभाल करण्यास परवानगी देण्यात येत आहे. ज्या वाहनांची कागदपत्रे वैध नाहीत, त्यांच्या मालकांस सहा महिन्यांची मुदत देण्यात येत आहे." वरच्या अटी त्याला जोडा. एक वर्ष चालवून पाहा, त्रास झाला तर पुढच्या सभेत रद्द करा. सूचक म्हणून माझंच नाव घाला.

कळावे,

आपली,
मुलुंडमधल्या एका सोसायटीची सभासद

ता.क. : इमारतीला रंग देताना आवार रिकामं करायचं असतं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांना आठवडाभर आधी सांगा. त्या ऐन वेळी सुरू होतीलच असं नाही, आणि ढकलायला चार माणसं गोळा करावी लागतात.